एकाच घरातली गोष्ट सगळ्यांना आपली का वाटते? एकांकिका लिहितोय, पात्रांतून मोठा विषय कसा आणू?

पात्रांना विषयावर बोलू देऊ नका, वस्तूवर बोलू द्या. सोनं, शेत, आजोबांची खोली, काहीही चालेल. एकाच वस्तूकडे प्रत्येक जण कसा बघतो हे नेमकं दिसलं की विषय प्रेक्षक स्वतःच काढतो.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' (१९८५) हे नाटक घेऊन बसा. धरणगावचं देशपांडे घराणं. घरातले वडील तात्याजी गेलेत, मुंबईहून त्यांचा मुलगा सुधीर आणि सून अंजली आलेत, आणि तेरवीच्या खर्चाचा प्रश्न उभा आहे. आता त्यातलं फक्त घराण्याचं सोनं धरून नाटक पुन्हा वाचा. थोरल्या भास्करला ते थोरलेपणाचा हक्क वाटतं. सुधीर-अंजलीच्या हिशेबात तो वाटा आहे. त्यांची बहीण प्रभा, तिला शिकू दिलं नाही, तिच्यासाठी ती उरलेली एकुलती वाट आहे. भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळते तेव्हा तेच सोनं घेऊन जाते. आणि वहिनी, म्हणजे भास्करची बायको? ती एका रात्री सगळे दागिने अंगावर चढवते. तो प्रवेश सावकाश वाचा. हाव एवढंच दाखवायचं असतं तर दोन वाक्यांत भागलं असतं. पण त्या सोन्याखाली या घरात येऊन गेलेल्या सगळ्या सुना दिसायला लागतात. 'वारसा म्हणजे नेमकं काय' असं कुणालाही म्हणावं लागत नाही.

दादीचंही, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आजीचंही तसंच. ती सारखी 'किती वाजले' विचारते. म्हातारं माणूस विचारतंच, त्यात खटकण्यासारखं काही नाही. पण अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतोय, अशा घरात तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्यांदा आला की अंगावर येतो. प्रतीक आधी खरी, रोजची गोष्ट असावी लागते. नुसतं प्रतीक म्हणून आणलेलं पात्र पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतं.

तुमच्यासाठी कृती अशी. पाऊण तासाच्या एकांकिकेला चार-पाच पात्रं पुरे. एक वस्तू ठरवा आणि एक मुदत: तेरवी, साखरपुडा, बिल्डरचा माणूस सही घ्यायला येणार ती संध्याकाळ. मुदत नसेल तर माणसं नुसती चहा पीत भांडत बसतात. मग कागदावर प्रत्येक पात्रासमोर तीन गोष्टी लिहा: ही वस्तू मिळाली तर त्याचं काय होईल, ती का हवी म्हणून तो चारचौघांत काय सांगतो, आणि खरं कारण काय. दुसरं आणि तिसरं उत्तर एकच आलं तर ते पात्र अजून कच्चं आहे. दोन पात्रांचं तिसरं उत्तर जुळलं तर त्यातलं एक काढून टाका. काहीही न मागणारं एक पात्र मात्र ठेवा. 'वाड्या'त तो चंदू आहे, भास्कर-सुधीरचा भाऊ, गड्यासारखा राबणारा. बाकीच्यांच्या मागण्या किती मोठ्या आहेत हे त्याच्यामुळे कळतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. एक, सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून लेखक गाव, जात, बोली, पैशाचे आकडे पुसून टाकतो आणि घर कुठलंच राहत नाही. प्रेक्षक ओळखतो ती माणसाची अडचण, आणि अडचण नेहमी तपशिलात असते. 'कर्ज आहे' याने काही होत नाही. 'सोसायटीचे ४० हजार मार्चच्या आत भरायचेत' म्हटलं की प्रत्येकाला आपापला मार्च आठवतो. दुसरं, एकाला खलनायक करणं. तसं केलं की भांडण त्या माणसापुरतं उरतं. तो गेला की प्रश्नच संपला. भास्करची बाजू घेऊनही नाटक वाचता येतं, करून बघा.

पहिला खर्डा झाला की 'संस्कार', 'पिढी', 'नाती', 'मूल्यं' हे शब्द असलेली वाक्यं लाल पेनाने खोडा. मग पात्रांची नावं झाकून संवाद कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. कोण बोलतंय हे दर चार वाक्यांतल्या तीन वेळा ओळखता आलं नाही, तर आधी बोली दुरुस्त करा, शेवटाचं नंतर बघू.