पन्नास वर्षं झाली म्हणून शिक्का पुसला जात नाही

प्रश्न : 1971च्या युद्धातल्या रसदपुरवठ्यावर मी पीएचडी करते आहे. मी मुलाखत घेतलेले एक निवृत्त अधिकारी नुकतेच वारले. त्यांच्या मुलाने ट्रंकेतले जुने कागद माझ्या हवाली केले. त्यातल्या चौदा पानांवर 'गोपनीय' असा शिक्का आहे. मी मोबाइलवर फोटो काढले आणि परदेशातल्या सहलेखकाला ईमेलही केले. मार्गदर्शक म्हणतात, 'पन्नास वर्षं उलटली, परिशिष्टात छापून टाका.' छापू का?

उत्तर : नका छापू. निदान आत्ता तरी नाही. आणि हे वाचून झाल्यावर घाबरून फोटो डिलीट करत सुटू नका. त्याचं कारण पुढे सांगतो.

मार्गदर्शकांचा हिशेब वर्षांचा आहे, कायद्याचा हिशेब अधिकाराचा आहे. कागद खुला करण्याचा अधिकार ज्या कार्यालयाचा तो कागद आहे त्याचा. तो मुलाकडे नाही, विद्यापीठाकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. संरक्षण मंत्रालयाच्या 2021च्या धोरणानुसार युद्धविषयक अभिलेख साधारणपणे 25 वर्षांनी खुले करायचे आहेत. यातला 'साधारणपणे' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. मुदत संपली की शिक्का आपोआप गळून पडत नाही, कुणीतरी तपासून तो उतरवावा लागतो.

'नेटवर असंच काय काय पडलंय' हा युक्तिवादही मी नेहमी ऐकतो. 1962च्या युद्धावरच्या लष्कराच्या गोपनीय हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी 2014 मध्ये आपल्या संकेतस्थळावर टाकला. म्हणून सरकारने तो खुला केला असं झालं नाही.

आता तुमच्यावर काय येऊ शकतं ते पाहू. 1923च्या शासकीय गुपिते अधिनियमाचं कलम 5 फक्त सरकारी नोकरांपुरतं आहे असा सार्वत्रिक गैरसमज आहे. कायदा मोडून दिलेली माहिती, तसं माहीत असताना किंवा तसं वाटायला वाजवी कारण असताना, स्वेच्छेने स्वीकारणं हाही त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिक्का डोळ्यांसमोर असताना 'कल्पना नव्हती' म्हणणं जड जाईल. कलम 3 हेरगिरीचं. त्यात देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतू लागतो, आणि लष्करी बाबतीत शिक्षा 14 वर्षांपर्यंत जाते. तुमच्या हकिगतीत मला असा हेतू दिसत नाही. पण तो हेतू आरोपीच्या वर्तनावरून गृहीत धरण्याची मुभा हे कलम देतं, आणि पानं परदेशी गेली ही गोष्ट वर्तनातच मोडते. म्हणून ईमेल आधी थांबवा. सहलेखकाला एवढंच लिहा : ती पानं पुढे पाठवू नका, वापरू नका.

तुमच्या बाजूनेही काही आहे. मंत्रिमंडळाच्या टिपणातला मजकूर छापल्याच्या एका खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने 2009 मध्ये पत्रकाराला आरोपमुक्त केलं. नुसता 'गोपनीय' शिक्का पुरेसा नाही, असं म्हटलं. शिवाय या कायद्याखाली सरकारच्या आदेशाने किंवा सरकारने अधिकार दिलेल्या व्यक्तीने फिर्याद केल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. पण आरोपमुक्त होण्यात दशक जाऊ शकतं. त्या पत्रकाराचा मजकूर 1999चा होता. तेवढ्यात पीएचडीची मुदत दोनदा संपेल.

कागदांचं काय करायचं? हक्क नसताना जवळ ठेवणं हा कलम 5चा प्रश्न आणि जाळणं किंवा फोटो डिलीट करणं हा पुरावा नष्ट करण्याचा. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. यातून वाट एकच. स्थानिक वकिलामार्फत पत्र लिहून कागद संरक्षण मंत्रालयाकडे परत करा आणि पोच घ्या. कागद कुणाकडून, कोणत्या तारखेला आले, प्रती कुठे कुठे आहेत हे पत्रात खरं खरं लिहा. फोटोंचं काय करायचं ते त्याच पत्रात विचारा. मुलालाही वकील गाठायला सांगा. त्यांनी ट्रंक उघडली ती तुमच्यावरच्या विश्वासाने, त्यांना अंधारात ठेवू नका. मुलाखतीचं रेकॉर्डिंगही वकिलाला ऐकवा, कारण कायदा कागदाइतकाच तोंडी माहितीलाही लागू आहे.

मग संशोधन संपलं का? अजिबात नाही. तुम्हाला पानं हवी आहेत की त्यातली वस्तुस्थिती? रसदीची वस्तुस्थिती राष्ट्रीय अभिलेखागारातल्या खुल्या फायलींत आणि छापील आठवणींत शोधा. त्याचबरोबर माहिती अधिकारात अर्ज टाका. वीस वर्षांपेक्षा जुनी माहिती द्यावी असं 2005च्या या कायद्याचं कलम 8(3) म्हणतं, पण सुरक्षेचा अपवाद त्यातही शाबूत आहे. नकार आला तर याच अपवादावर बोट ठेवलेलं असेल. म्हणून कलम 8(2) आधीच पुढे करा : जनहित मोठं असेल तर गुपिते अधिनियम असूनही माहिती देता येते. हे कलम अर्जात पहिल्याच दिवशी लिहावं, अपिलात नव्हे.

राहिलं परिशिष्ट. प्रबंध मान्य झाला की त्याची प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर जाते, म्हणजे ती चौदा पानं जगातल्या कुणालाही डाउनलोड करता येतील. मार्गदर्शकांना हे लेखी कळवा. त्यांचा सल्ला तोंडी होता, तुमचा नकार कागदावर असू द्या.