शॅमेलिऑन पाळायला किती अवघड आहे आणि त्याचे किडे घरी वाढवता येतात का?

किडे येतात की वाढवता. तुम्ही लिहिलंय की लहानपणी नाशिकला मामांच्या बांधावर घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन सरडा, धरायचात आणि आता डॅलसला आल्यावर एक पाळावासा वाटतोय. गावी असतात तर मी सरळ नको म्हणालो असतो, कारण आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, तो घरात ठेवता येत नाही. तिकडे मिळेल तो बहुतेक व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचा येमेन-सौदीचा, डोक्यावर शंकूसारखा तुरा असलेला. पैदास केलेलाच घ्या, जंगलातून धरून आणलेला नको.

मी न्यू जर्सीत असतो, आमच्या बंड्याला, म्हणजे माझ्या शॅमेलिऑनला, चार वर्षं होतील. खरं सांगायचं तर माझा वेळ बंड्यात कमी आणि त्याला खायला वाढवलेल्या झुरळांतच जास्त जातो.

सुरुवातीला रातकिडे वाढवले. ओल्या मातीची डबी ठेवली की मादी त्यात अंडी घालते, तीसेक डिग्री सेल्सिअसला ठेवलं की दहा-बारा दिवसांत मुंगीएवढी पिल्लं, इथपर्यंत सगळं मस्त. पण वास मारतो, खायला कमी पडलं की एकमेकांनाच खातात, उघड्या पाण्यात बुडून मरतात, आणि एकदा माझ्याकडून झाकण नीट लागलं नाही तर पुढचे तीन आठवडे डिशवॉशरमागे भजनी मंडळ बसलेलं.

मग डुबिया झुरळं आणली. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली, म्हणाली, "आम्ही आयुष्यभर झुरळं मारली आणि तू अमेरिकेत येऊन पाळतोयस?" पण ही आपल्या मोरीतल्यासारखी नाहीत हो, गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही, वासही जवळपास नाही. प्लास्टिकचा मोठा डबा, त्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे म्हणजे घाण खाली पडते, झाकणाला जाळी, बाजूला हीट मॅट, तीस ते तेहतीस डिग्री, आणि एका नरामागे तीन-चार माद्या. मादी अंड्यांची पिशवी बाहेर काढते, आडवी फिरवून परत पोटात घेते आणि थेट पिल्लंच देते. रात्री टॉर्च मारून हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास तिथेच बसलो होतो. कात टाकलेलं झुरळ काही तास पांढरंशुभ्र आणि मऊ असतं, बंड्याला ते दिसलं की एक डोळा तिकडे, मग दुसरा, आणि मग जीभ कधी जाऊन आली ते कळतसुद्धा नाही.

पिल्लू मोठं व्हायला चार-पाच महिने जातात, म्हणून आधी झुरळं आणा, सरडा नंतर. त्यांना गाजराची सालं, रताळं, मोहरीची पानं घाला कारण ते जे खातील तेच शेवटी सरड्याच्या पोटात जाणार. पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. किडा सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद नको, आणि देताना वरून साधी कॅल्शियम पावडर. मोठ्या सरड्याला एक दिवसाआड चार-पाच पुरतात. घरातली नेहमीची झुरळं मात्र कधीच घालू नका, त्यांनी कुठलं औषध खाल्लंय काय माहीत.

पिंजरा जाळीचा, दोन बाय दोन फूट आणि चार फूट उंच, आत खरी झाडं. वाटीतलं साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, पानांवरचे थेंब चाटतो, म्हणून फवारणी किंवा ड्रिपर लावायचा. विष्ठेसोबतचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसायला लागला तर पाणी कमी पडतंय.

माझी मोठी चूक यूव्हीबी ट्यूबची, म्हणजे हाडं मजबूत राहायला सरड्याला लागणारे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याची. ती पेटत होती म्हणून दीड वर्ष बदललीच नाही, उजेड तसाच असतो पण यूव्हीबी कधीच कमी झालेलं असतं, आणि एक दिवस बंड्याची फांदीवरची पकड सुटायला लागली, पुढचे पाय वाकडे. डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं, हाडं मऊ पडलीत. सावरला, पण एक पाय अजून थोडा वाकडाच आहे. आता ट्यूबवर मार्करने तारीख लिहितो.

मादी घेऊ नका पहिल्यांदा, नर नसला तरी अंडी घालते, आणि खणायला खोल ओली वाळू नसली तर अंडी पोटातच अडकून मरू शकते. दुकानात मागच्या पायाची टाच बघा, नराला तिथे जन्मापासूनच छोटा काटा असतो.