अपव्यय, अपहार आणि उधळपट्टी

प्रश्न असा आला आहे: इराक-अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीत अमेरिकी सरकारचा जो पैसा बुडाला, त्याबद्दल लिहिताना सरसकट 'भ्रष्टाचार' म्हटले तर चालेल का?

माझे मत, चालू नये. 'भ्रष्टाचार' म्हटले की वाचक पैसे खाणारा माणूस शोधू लागतो, आणि तो सापडला नाही की बाकीचे सगळे सुटतात.

अफगाणिस्तानातल्या हेल्मंड प्रांतातल्या कॅम्प लेदरनेक या अमेरिकी लष्करी तळावरचे मुख्यालय घ्या. क्षेत्रफळ ६४,००० चौरस फूट, खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर. ही इमारत आम्हाला नको, असे तिथल्या सेनाधिकाऱ्यांनी २०१० मध्येच कळवले होते. तरी ती बांधली गेली आणि वापराविना पडून राहिली. इथे कुणी पैसे खाल्ले म्हणून ती उभी राहिली नाही. मंजूर झालेले काम वेळीच थांबवले गेले नाही म्हणून राहिली. याला 'अपव्यय' म्हणायचे. आपल्याकडच्या लेखापरीक्षणातला 'निष्फळ खर्च' हा शब्दही इथे चपखल बसतो.

'अपहार' मात्र वेगळा. त्यातला 'हार' हरण करण्याचा, म्हणजे कुणीतरी पैसा उचललेला असतो. इराकमधल्या हिल्ला इथे पुनर्बांधणीच्या निधीचा हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यानेच लाच घेऊन कंत्राटे फिरवली, रोकड लांबवली. २००७ साली त्याला ९ वर्षांची शिक्षा झाली. हा गुन्हा आहे. याला नुसता अपव्यय म्हणणे म्हणजे चोरावर पांघरूण घालणे.

'उधळपट्टी'त खर्च करणाऱ्याची हौस दिसते. अफगाण सैन्याच्या गणवेशासाठी तिथल्या संरक्षणमंत्र्यांना आवडली म्हणून जंगलात लपायची नक्षी निवडली गेली. त्या देशात जंगल आहे जेमतेम २ टक्के! त्यापायी २.८ कोटी डॉलरपर्यंत जादा खर्च झाल्याचा अंदाज 'सिगार' या अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीचा खर्च तपासणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षक कार्यालयाने २०१७ मध्ये दिला.

याच ओघात आणखी एक गल्लत होते. 'देखरेख' आणि 'लेखापरीक्षण' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. देखरेख काम चालू असताना करायची असते, लेखापरीक्षण बहुतेक वेळा पैसा खर्च झाल्यावर होते. सिगारची स्थापना २००८ ची. अफगाणिस्तानातला खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. त्यामुळे 'सिगारची देखरेख असूनही पैसा बुडाला' हे वाक्य त्या आधीच्या वर्षांबद्दल लिहिता येणार नाही. त्या काळासाठी 'सिगार स्थापन होण्याआधी' म्हणणेच योग्य.