'पुरवठा साखळीवरील हल्ला' की 'पुरवठा साखळीतून हल्ला'?

प्रश्न असा आहे: कंपनीच्या सुरक्षा धोरणाचा मराठी मसुदा करताना 'सॉफ्टवेअर सप्लाय चेन अटॅक'ला 'पुरवठा साखळीवरील हल्ला' म्हणावे का? आणि 'डिपेंडन्सी'ला, म्हणजे आपले सॉफ्टवेअर ज्या दुसऱ्यांच्या तयार कोडवर उभे असते त्याला, 'अवलंबित्व' चालेल का?

माझ्या मते दोन्ही बदलावेत. 'बँकेवरील दरोडा' म्हटले की लुटली जाते ती बँक. इथे मात्र साखळी ही हल्ल्याची वाट आहे, लक्ष्य तुमची कंपनी. चोर खिडकीतून शिरतो तसा हा हल्ला भरवशाच्या अपडेटमधून शिरतो. म्हणून 'पुरवठा साखळीतून होणारा हल्ला'. लांब वाटला तरी त्याचा 'साखळी हल्ला' करू नका. 'साखळी बॉम्बस्फोट', 'साखळी उपोषण' यांमुळे मराठी वाचक त्याचा अर्थ 'एकामागून एक हल्ले' असाच घेईल.

हा फरक नुसता व्याकरणाचा नाही. '-वरील' वाचणारा पुरवठादाराकडे प्रश्नावली पाठवून मोकळा होतो, '-तून' वाचणारा आपल्या दाराशी तपासणी लावतो. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीचे २०२४चे प्रकरण पाहा. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा दडवलेला भाग चाचणीच्या फायलींमध्ये, गिटवरच (कोड आणि त्यातील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) पडून होता. पण त्याला जागे करणारी बिल्ड-स्क्रिप्ट (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणाऱ्या आज्ञा) फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी ठेवलेल्या गठ्ठ्यात) होती. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना सॉफ्टवेअर अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना तो सापडला. तेव्हा धोरणात नुसते 'स्रोत तपासावा' लिहून भागणार नाही. 'टारबॉल व गिटमधील टॅग यांतील फरक तपासावा, शक्य तेथे गिटवरून स्वतः बिल्ड करावे' असे लिहा.

आता 'डिपेंडन्सी'. अवलंबित्व ही अवस्था झाली, डिपेंडन्सी ही वस्तू आहे. 'अवलंबित्वे अद्ययावत करा' हे वाक्य म्हणूनच कानाला खटकते. बोलताना डिपेंडन्सीच राहू द्या. मसुद्यात 'आधारघटक' लिहा. मग 'आधारघटकाचे आधारघटक' हेही सहज म्हणता येते, आणि धोका बहुधा तिथेच असतो, कारण ते कोणी हाताने निवडलेले नसतात. एसबॉमला (सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे याच्या यादीला) 'घटकयादी' म्हणावे. तिच्यात ही खालची पातळी नसेल, तर ती अपुरी.

'पिन करणे' (ठरलेली आवृत्तीच वापरणे) यासाठी 'आवृत्ती गोठवणे' चांगले, पण काय गोठवायचे ते लिहाच. टॅग, म्हणजे गिटमध्ये आवृत्तीला लावलेली नावाची चिठ्ठी, हलवता येतो. मार्च २०२५मध्ये टीजे-ॲक्शन्सच्या 'चेंज्ड-फाइल्स' या गिटहबवरील तयार बिल्ड-साधनाचे जुने टॅग घातक कमिटकडे (कोडच्या नोंदवलेल्या बदलाकडे) वळवले गेले आणि अनेकांची गुपिते (पासवर्ड, कळा) बिल्डच्या लॉगमध्ये उमटली. ज्यांनी आधीच्या कमिटचा ४० अक्षरी हॅश (त्या कमिटची न बदलणारी ओळखखूण) लिहिला होता, ते वाचले. एनपीएममध्ये (जावास्क्रिप्टची पॅकेजे आणणाऱ्या साधनात) बिल्ड सर्व्हरवर 'इन्स्टॉल'ऐवजी 'सीआय' ही आज्ञा द्यावी: लॉक-फाइल (नेमक्या आवृत्त्यांची नोंद) आणि पॅकेज-फाइल (मागितलेल्या पॅकेजेसची यादी) जुळली नाही तर ती चूक दाखवून थांबते, लॉक-फाइल बदलत नाही. जोडीला 'इग्नोर-स्क्रिप्ट्स' लावले की इन्स्टॉल होताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट अडते. काही पॅकेजना ती स्क्रिप्ट खरोखर लागते. त्यांची वेगळी यादी ठेवावी लागेल.

आणखी एक, न विचारलेले. 'तात्काळ अद्ययावत करावे' हे कलम सरसकट नको. घातक आवृत्त्या पुष्कळदा काही तासांत किंवा दिवसांत पकडल्या जातात. म्हणून थोडे थांबावे, आणि त्यासाठी आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे, मुरणे: 'नवी आवृत्ती सात दिवस मुरू द्यावी, सुरक्षा-दुरुस्ती असल्यास पडताळून लगेच घ्यावी.'