जंगलातला चढाचा रस्ता निवडताना

सायकलने जायचा मार्ग ठरवताना नुसते किलोमीटर पाहू नका, एकूण चढाई पाहा. ५० किलोमीटरमध्ये १००० मीटर चढाई असेल तर सपाटीवरच्या ५० किलोमीटरशी त्याची तुलनाच नको. सरासरीवरही विसंबू नका. सरासरी ५ टक्के (म्हणजे १०० मीटरमागे ५ मीटर वर) दिसणाऱ्या चढात मधेच १२ टक्क्यांचा टप्पा असू शकतो, आणि दम तिथेच निघतो. गिअरची पुढे पेडलपाशी ३४ दातांची आणि मागच्या चाकाला ३२ किंवा ३४ दातांची चकती असली की बरेचसे चढ बसूनच पार होतात.

मला खरी काळजी वाटते ती उताराची. झाडांच्या सावलीतला रस्ता उशिरा वाळतो. ओली पानं, शेवाळ, वळणावर वाहून आलेली खडी, सगळं तिथेच असतं. शिवाय उन्हातून एकदम सावलीत शिरलं की क्षणभर काही नीट दिसत नाही. म्हणून ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असतानाच लावा आणि नजर वळणाच्या पलीकडे ठेवा. मार्ग गोल असेल तर जास्त चढाच्या बाजूने वर जा, सौम्य बाजूने उतरा. सुरुवातीला हे पाळाच.

शांत रस्त्यावर मदतही लवकर मिळत नाही. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या, जादा ट्यूब आणि पंप ठेवा, परतायची वेळ घरी सांगून निघा.