अंगठा वर करता येतो का?

"मॅडम, पाण्याखाली गेल्यावर घाबरलो तर?" अंदमानचा मोसम जवळ आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. एक गृहस्थ विशेष आठवतात. वय ४५, बारा वर्षांच्या मुलाला स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात उतरण्याचा, शब्द दिलेला. हॅवलॉकचं, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपचं, बुकिंग झालेलं आणि झोप उडालेली.

"पोहता येत नाही म्हणून भीती वाटते?"

"छे! पहिल्या डाइव्हला पोहता यावंच लागत नाही. इन्स्ट्रक्टर सोबत असतो, १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. सगळं वाचलंय."

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "वर यायचं असेल तर खूण कोणती?" त्यांनी मूठ वळून अंगठा उभा केला आणि लगेच हात मांडीखाली सरकवला. पाण्याखाली उभा अंगठा म्हणजे 'वर चला'. 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करतात.

"हात का लपवलात?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "मुलगा बघेल ना."

म्हणजे भीती समुद्राची नव्हतीच! 'मी घाबरताच कामा नये' हा हट्ट त्यांना जागवत होता. माझ्या कामात हा हट्ट मी रोज पाहते, पण पाण्यात तो फार महाग पडतो. कान दुखत असूनही माणूस खाली जात राहतो, श्वास रोखतो. आणि श्वास रोखणं ही तिथली सर्वांत घातक चूक.

मी गृहपाठ दिला: "ही खूण मुलाला तुम्हीच शिकवा. बाबाही ती करणार आहे, हे सांगा." त्या रात्री ते झोपले. इतका साधा उपाय सुचल्याचं समाधान मला आजही आहे.

तुम्हीही जाणार असाल तर दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं डाइव्हआधीच्या आरोग्याच्या फॉर्मवर लपवू नका. निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. सर्दी असेल तर उतरू नका. डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या डाइव्हनंतर विमानापर्यंत किमान १८ तास जाऊ द्या. समुद्र खवळला की बोटीच्या फेऱ्या रद्द होतात, म्हणून एक दिवस मोकळा हवाच.

परतल्यावर ते भेटायला आले. थोडं खाली जाताच कान दुखले, अंगठा वर केला, वर आले. कान मोकळे झाल्यावर पुन्हा उतरले.

"आणि मुलानं पाहिलं?"

"त्यानं माझ्याआधीच अंगठा वर केला होता, मॅडम."