सगळ्यांनी माना डोलावल्या, मग शीट रिकामी का?

प्रश्न : नोकरीला 14 महिने झाले. आमच्या विभागात ग्राहकांच्या तक्रारी अजून वहीत लिहितात. 11 वर्षं एकच मॅडम ती वही सांभाळतात. मी सगळ्यांसाठी ऑनलाइन शीट बनवून मीटिंगमध्ये दाखवली. सगळे ‘छान’ म्हणाले. तीन आठवड्यांनी बघतो तर नोंदी फक्त माझ्याच. मी लहान म्हणून असं होतंय का? नोकरी बदलू?

उत्तर : एवढ्यासाठी तरी बदलू नकोस. पुढच्या ऑफिसातही अशी एखादी वही निघेलच.

त्या मॅडमचा उल्लेख तू जाता जाता केलास, पण मेख तिथेच आहे. तू फायदे सांगत होतास तेव्हा बाकीचे एकच हिशेब करत होते : हे भरायचं कोणी? वही चालूच आहे, म्हणजे तीच तक्रार दोनदा लिहायची. आणि मॅडमना काय ऐकू आलं असेल? तुमची वही आता नको, तेही चारचौघांत.

लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी 1948 मध्ये अमेरिकेतल्या पायजम्यांच्या कारखान्यातला एक प्रयोग मांडला. कामाची पद्धत बदलायची होती. ज्या गटाला नुसतं कळवलं, त्याचं उत्पादन घसरलं आणि काही जणींनी कामच सोडलं. ज्यांना आखणीत घेतलं, त्या लवकर सावरल्या, आधीपेक्षा जास्त काम करू लागल्या.

तेव्हा उद्या लॅपटॉप न घेता मॅडमकडे जा. वही बघू द्याल का, म्हणून विचार. समासात लाल ठिपके, बाण, गोल असतील. त्यांचे अर्थ समजून घे. एखादा ठिपका म्हणजे ‘याचा दुसऱ्यांदा फोन आलाय’ असं निघेल. तुझ्या शीटमध्ये त्याला रकाना आहे का? नसेल तर घाल, आणि तो मॅडमनी सुचवला हे साहेबांसमोर सांग.

मग एकाच प्रकारच्या तक्रारी दोन आठवडे फक्त शीटमध्ये. तेवढ्यापुरती वही बंद, ही परवानगी आधी मिळव. दुहेरी नोंदीचा जाच असेल तर पुढे जाऊच नकोस.

लहान असण्याचा भाग थोडा आहेच. पण पहिल्या नोकरीत मीही हौसेनं एक फॉर्म छापून घेतला होता, भरणाऱ्यांपैकी एकालाही न विचारता. तो गठ्ठा कपाटातच राहिला.

मॅडम नाही म्हणाल्या, तर का ते नीट ऐक. फोन खणखणत असताना टाइप करायला वेळ नसतो, असं त्या म्हणाल्या तर त्यांचं बरोबर आहे. मग दिवसा वही, आणि संध्याकाळी शीट तू भर.